मोटार बंद पडली? आधी मेन स्विच, मग कारण!

सकाळी बटण दाबावे आणि विहिरीवरच्या मोटारीने नुसते 'घूं' करावे. हंडे रिकामे, मुलांची सकाळची शाळा, घरधनी पहिल्या पाळीला गेलेला. अशा वेळी घरातील बाई किंवा हाताशी आलेला मुलगा घाईघाईने बोर्ड उघडतो आणि आत हात घालतो. घात होतो तो इथेच.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एका घरी मोटारीचा फ्यूज वारंवार उडू लागला. कुणी म्हणाले, नजर लागली. बोर्डाला लिंबू-मिरची बांधली गेली! मग एका 'जाणकारा'ने फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून घातली. फ्यूज उडणे थांबले, बिघाड मात्र तसाच राहिला. दुसऱ्याच दिवशी लोखंडी पाइपाला ओला हात लागला आणि त्या घरच्या सुनेला जबर धक्का बसला. सासूबाईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून ती वाचली. नंतर कळले, कठड्यावर घासून केबलचे आवरण फाटले होते आणि तार पाइपाला लागत होती. एवढेच कारण!

बुद्धांचा धम्म आपल्याला कार्यकारणभाव शिकवतो. कारणाशिवाय काही घडत नाही, मोटारही नाही. म्हणून नवस-उतारे सोडा, कारण शोधा. पण आधी जीव सांभाळा.

पहिली चार पथ्ये

बोर्ड उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करा. मोटारीचे बटण बंद केले एवढ्यावर भागत नाही. जोडणी चुकीची असेल तर बटण बंद असूनही तारेत वीज असते. हात कोरडे, पायात रबरी चप्पल आणि खाली कोरडी फळी हवी. बोर्डातील कंडेन्सरला हात लावू नका. वीज बंद केल्यावरही त्यात काही काळ भार साठून राहतो. आणि एकट्याने काम करू नका.

लक्षणे ओळखा

मोटार अगदीच मुकी असेल तर घरातले दिवे लागतात का ते पाहा. लागत असतील तर मोटारीचा फ्यूज उडाला आहे का, ओव्हरलोडचे बटण बाहेर आले आहे का, हे तपासा. ते एकदाच आत दाबून पाहावे. पुन्हा बाहेर आले तर हट्ट धरू नये.

मोटार घुमते पण फिरत नसेल तर ताबडतोब बंद करा. अशा वेळी ती नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते आणि थोड्याच वेळात वाइंडिंग जळते. याची कारणे सहसा तीन. व्होल्टेज कमी असणे (घरगुती वीज साधारण २३० व्होल्टची असते, दिवे मिणमिणत असतील तर मोटार लावूच नये), कंडेन्सर खराब होणे, किंवा बरेच दिवस बंद राहिल्याने गाळात पंखा अडकणे. फुगलेला किंवा तेल गळणारा कंडेन्सर नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो. तो वायरमनकडून त्याच मापाचा बदलून घ्यावा.

बटण दाबताच फ्यूज उडत असेल तर केबल कुठे तरी सोलली आहे किंवा वाइंडिंग गेले आहे असे समजा. योग्य मापाची फ्यूजतार एकदा घालून पाहा. पुन्हा उडाली तर वायरमनला बोलवा. फ्यूज आपला शत्रू नाही, तो आपला पहारेकरी आहे. जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड बांधणे.

मोटार थोडा वेळ चालून बंद पडत असेल तर विहिरीतील पाणी खाली गेले आहे का ते पाहा. पाण्यातली मोटार पाण्यानेच थंड राहते. कोरडी चालली की तापते. गाळ, कमी व्होल्टेज आणि ढिला स्क्रूही कारण असू शकतो. काळवंडलेला जोड आणि जळका वास ही ढिल्या स्क्रूची खूण.

मोटार चालते पण पाणी येत नसेल, तर बहुधा दोष विजेचा नसतो. विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गळत असेल किंवा तिने हवा धरली असेल.

हे कधीच करू नका

मोटार केबलला धरून ओढू नका. त्यासाठी वेगळा दोर बांधलेला असावा. पाण्याखालचा जोड नुसत्या चिकटपट्टीने करू नका. पाण्यात मोटार सोडलेल्या विहिरीत मुलांना पोहू देऊ नका. अर्थिंगशिवाय मोटार चालवू नका. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जा. ऐपत असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळू लागताच तो पुरवठा तोडतो.

कुणाला धक्का बसलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करा. श्वास थांबला असेल तर छाती जोरात व भरभर दाबत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

एक रविवार वस्तीसाठी

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून हक्क बजावण्यासाठी. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना देशाच्या पाणी आणि वीज धोरणाचा पाया घालण्यात त्यांनी मोठा वाटा उचलला. त्यांच्या लेकरांच्या दारात आज पाणी आले, वीज आली. ती अज्ञानापायी जिवावर बेतू नये.

आपल्या वस्त्यांत आयटीआय झालेली मुले-मुली आहेत. रविवारच्या वंदनेनंतर त्यांनी विहारात सर्वांना बसवून हे समजावून सांगावे, घरोघरी अर्थिंग तपासावे. आणि प्रत्येक घरात आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे : आपला मेन स्विच कुठे आहे. आमच्या वस्तीतली ती सून आज आहे, ती सासूबाईंना एवढे ठाऊक होते म्हणूनच.