पूर्णा तालुका : पाणी, रूळ आणि बाजारभाव

परभणी आणि नांदेड यांच्या मधोमध असलेले पूर्णा हे गाव बहुतेक प्रवाशांना परिचित आहे ते रेल्वेचे जंक्शन म्हणून. तालुक्याची खरी ओळख मात्र पाण्याशी आणि काळ्या मातीशी निगडित आहे. पूर्णा नावाच्या नद्या महाराष्ट्रात एकाहून अधिक असल्याने गल्लत होते. विदर्भातील पूर्णा तापीला मिळते. मराठवाड्याची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, वाटेत दुधना आपल्यात सामावून घेते आणि याच तालुक्यातील कंठेश्वरजवळ गोदावरीत विसर्जित होते.

येथील जमीन बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पण पावसाळ्यातील ओल ती दीर्घकाळ धरून ठेवते. रब्बी ज्वारीचे सारे गणित या ओलीवर उभे होते. गेल्या काही दशकांत सोयाबीनने ज्वारीची बरीच जागा घेतली. तीन-साडेतीन महिन्यांत हाती येणारे नगदी पीक शेतकऱ्याने स्वीकारावे, यात नवल नाही. परंतु ज्वारी घरात धान्य आणि गोठ्यात कडबा देत असे. सोयाबीन यांपैकी काहीच देत नाही.

शिवाय त्याचा भाव गावात ठरत नाही. इथिओपिया किंवा युगांडातील कॉफी उत्पादकाचे उत्पन्न न्यूयॉर्क आणि लंडनच्या बाजारांवर अवलंबून असते, तशीच येथील सोयाबीनची किंमत जागतिक पेंडीच्या आणि आयात खाद्यतेलाच्या दराबरोबर हेलकावे खाते. २०२४-२५ च्या हंगामासाठी ४८९२ रुपये क्विंटल हा हमीभाव जाहीर झाला होता. प्रत्यक्षात खुल्या बाजारातील दर त्याखालीच रेंगाळले. कापसाचीही तीच कथा. १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातकर माफ केला, आणि हा काळ नेमका नव्या कापसाच्या वेचणीचा होता.

ऊस, केळी आणि हळद ही ओलिताची पिके. ती येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांवर व त्यांच्या कालव्यांवर विसंबून आहेत. हे पाणी मात्र अनेकांचे आहे. वरच्या अंगाला, बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णा प्रकल्प झाल्यानंतर येलदरीकडे येणारा ओघ अडला. संगमाच्या खाली गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्प नांदेड शहराची तहान भागवतो. टंचाईच्या वर्षी शेतीचे पाणी की शहराचे, हा प्रश्न म्हणूनच दरवेळी नव्याने पेटतो. अतिवृष्टीत चित्र उलटे होते. गोदावरी दुथडी भरून वाहू लागली की पूर्णेचे पाणी पुढे सरकत नाही आणि काठची शेते पाण्याखाली जातात.

शेतीव्यतिरिक्त येथे भाकरी दिली ती रेल्वेने. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, मनमाड ते सिकंदराबाद मार्ग सुरू झाला. पुढे पूर्ण्याहून हिंगोलीकडे फाटा निघाला व स्वातंत्र्यानंतर तो अकोला-खांडव्याशी जोडला गेला. मीटरगेजच्या दिवसांत इंजिनांचे शेड आणि रेल्वे वसाहत यांमुळे गावात दरमहा पगाराचा पैसा खेळत असे. तो पैसा पावसावर अवलंबून नव्हता. हे शेजारच्या कोणत्याही खेड्याला लाभले नाही. रुंदीकरण होत गेले, २००८ मध्ये अकोल्यापर्यंतचा मार्गही ब्रॉडगेज झाला, आणि मीटरगेजच्या इंजिनांबरोबर त्यांच्या देखभालीचे कामही संपले. गाड्या वाढल्या, पण त्यांपैकी अनेक आता येथे काही मिनिटेच थांबतात.