मनाला काय लागतं आणि का

भाईंदर पूर्वेला रुळांलगतच्या इमारतीत नव्याने आलेल्या माणसाला सुरुवातीला झोप लागत नाही. रात्री उशिरापर्यंत विरार लोकल, मग मालगाड्या. दिवसा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांतली ठोकाठोक. काही आठवड्यांत मात्र त्यातलं बरंचसं ऐकू येईनासं होतं. आवाज तेवढाच असतो. रोजच्या, निरुपद्रवी आवाजाची दखल घेणं मेंदू सोडून देतो. तोच माणूस शेजारी झोपलेलं बाळ कण्हलं तरी जागा होतो. म्हणजे आत कुणीतरी सतत निवड करत असतं.

नाव तेवढं आत शिरतं

1959 मध्ये मानसशास्त्रज्ञ नेव्हिल मोरे यांनी हेडफोनवर एक प्रयोग केला. एका कानातला मजकूर मोठ्याने म्हणत राहायचा, दुसऱ्याकडे लक्ष द्यायचं नाही. दुसऱ्या कानात तेच ते शब्द कितीदा ऐकवले तरी लोकांना ते आठवले नाहीत. पण स्वतःचं नाव आलं की साधारण एक तृतीयांश वेळा ते कळलं. 1960 मध्ये इअन ऑस्वाल्ड आणि सहकाऱ्यांना दिसलं, की झोपेतही मेंदू स्वतःच्या नावाला इतर नावांपेक्षा जास्त प्रतिसाद देतो.

अहंकार मधे बसतो

ऐकलेल्यातलं ‘माझं’ कोणतं हे ठरण्याचा क्रम सांख्यदर्शनाने फार पूर्वी मांडला आहे: इंद्रियांनी घेतलेलं मनाकडे जातं, अहंकार त्याला ‘माझं’ म्हणतो, मग बुद्धी निर्णय करते. फ्रॉइडनेही 1923 मध्ये लिहिलं, की अहंचा काही भाग आपल्याला नकळत काम करतो.

सकाळच्या लोकलमध्ये हे रोज घडतं. तिघांच्या बाकावर चौथा म्हणून बसायला कुणी म्हणतं, ‘जरा सरका.’ एकजण सरकतो आणि विसरतो. दुसऱ्याच्या मनात ते चर्चगेटपर्यंत खदखदतं, कारण त्याला त्यात ‘तुझी किंमत काय?’ असं ऐकू आलेलं असतं. त्या धुमसण्यात शेजारच्याने दिलेली खिडकीची जागाही त्याच्या ध्यानात येत नाही. अहंकाराने माणूस एकीकडे हळवा होतो आणि दुसरीकडे बधिर. मला ही बधिरता जास्त घातक वाटते. हळवेपणा निदान कळतो तरी.

साठा

‘सरका’मध्ये अपमान ऐकू येण्यामागे बहुधा जुनं काही असतं: वर्गात झालेली टिंगल, घरातली तुलना. प्रसंग विसरला जातो, त्याचा ठसा, म्हणजे संस्कार, उरतो. पण संस्कारांचा हा साठा दुखावणाराच असतो असं नाही. भांड्यांच्या गाळ्यात प्रेसवर अनेक वर्षं काढलेल्या कारागिराला नुसत्या आवाजातला फरक ऐकून मशीनचं काहीतरी बिघडलंय हे कळतं. कसं कळलं, ते त्याला सांगता येईलच असं नाही.

काय करता येतं

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. तिचं सूत्र असं: घटना आणि भावना यांच्यामधे आपली समजूत असते, आणि ती तपासता येते. कृतीचं मूल्यमापन करावं, अख्ख्या माणसाचं नाही, स्वतःचंही नाही. बोलणं लागलं, तर समोरचा नेमका काय म्हणाला ते शब्दशः लिहावं आणि खाली आपण त्यात काय घातलं ते लिहावं. बहुतेकदा खालचा मजकूर लांब निघतो, आणि तपासायचा असतो तो तोच.