आतड्यातला दाह मनापर्यंत

‘टेन्शन घेऊ नकोस, पोट आपोआप ताळ्यावर येईल.’ क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याच्या दाहाचा आजार झालेल्या माणसाला घरची मंडळी हे हमखास ऐकवतात. सल्ला मायेचा असतो, पण दोष रुग्णाच्याच माथी मारतो. वारंवार संडासला धावणारा, रक्त पडताना पाहणारा माणूस खचतो, हे उघड आहे. जगभरच्या अभ्यासांत अशा चौघांपैकी साधारण एकात नैराश्याची लक्षणं आढळतात. पण आजारपणाचा वैताग हे त्याचं एकमेव कारण नाही.

काही धागे जनुकांकडे आणि प्रतिकारशक्तीकडे जातात. क्रोन्सशी नातं असलेलं ‘नॉड-२’ हे जनुक २००१ मध्ये ओळखलं गेलं. जिवाणूंच्या कवचाचे तुकडे हेरणं हे त्याचं काम. पुढे आतड्यांच्या दाहाशी संबंधित जनुकस्थानांची संख्या २०० च्या वर गेली. नैराश्याची १०२ स्थानं २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात नोंदली गेली. दोन्हीकडे सहाव्या गुणसूत्रावरचा एक पट्टा येतो, प्रतिकारशक्तीच्या जनुकांनी गच्च भरलेला. हे साम्य माफकच आहे. ‘नैराश्याचं जनुक’ असं काही नसतं. जनुकांतला एकेक फरक धोका किंचितसाच वाढवतो.

पण प्रतिकारशक्ती मनाला कशी हलवते? याचा पुरावा एका औषधानेच दिला. हेपटायटिस सी वर पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं देत. इंटरफेरॉन-अल्फा म्हणजे शरीर स्वतःही बनवतं असा दाहाचा संदेशवाहक. ही इंजेक्शनं घेणारे कितीतरी रुग्ण काही आठवड्यांत नैराश्यात गेले, मनाचा आजार पूर्वी कधीच नसलेलेसुद्धा. यामागची एक वाट आहारातल्या ट्रिप्टोफॅनमधून जाते. त्यापासून सेरोटोनिन बनतं. दाह भडकला की आयडीओ नावाचं विकर जोर धरतं आणि ट्रिप्टोफॅन कायन्युरेनिनकडे वळवतं. हे कायन्युरेनिन रक्तातून मेंदूत शिरतं, आणि तिथे त्यापासून चेतापेशींना त्रासदायक द्रव्यंही तयार होऊ शकतात.

एक गोष्ट मला खटकते. जनुकांच्या या याद्या मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांवरून झाल्या आहेत. तिकडे क्रोन्सचा धोका वाढवणारे नॉड-२ मधले तीन ठळक बदल भारतीय रुग्णांत जवळपास सापडतच नाहीत. आपल्या रुग्णांचा अभ्यास आपल्याकडेच मोठ्या प्रमाणावर व्हायला हवा.

तोवर एवढं नक्की करा: पोटाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा जुलाब आणि रक्ताबरोबर झोप उडालीय, कशातच मन रमत नाही, हेही सांगा.