एका लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम : आभासी यंत्राचा परिचय

प्राथमिक शाळेत लॅपटॉप येतो तेव्हा तो बहुधा एकटाच येतो. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद होते, मुख्याध्यापकांच्या कपाटात त्याची जागा ठरते, आणि पाहता पाहता शाळेचा निम्मा कारभार त्याच्या स्वाधीन होतो. पटाची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, निकालपत्रके, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, सारे त्या एका यंत्राच्या पोटात साठलेले असते. अशा यंत्रावर काही नवे करून पाहावे असे एखाद्या हौशी शिक्षकास वाटले, तरी त्याचे मन कचरते. आणि ते योग्यच आहे. असलेली विंडोज काढून लिनक्स बसविण्याच्या खटपटीत एक चुकीचे बटण दाबले गेले, तर तबकडीवरील सर्व मजकूर पुसला जाऊ शकतो. सरकारी मालमत्तेवर असा प्रयोग कोण करील?

परंतु आहे ती व्यवस्था तिळमात्र न हलविता त्याच लॅपटॉपवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालविण्याची एक युक्ती उपलब्ध आहे. तिला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात, आणि तिच्या योगाने जे यंत्र निर्माण होते त्यास आभासी यंत्र असे म्हणता येईल.

प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे ध्यानात घ्यावे. लॅपटॉपचा प्रोसेसर, स्मृती, तबकडी, पडदा व कळफलक ही निव्वळ सामग्री होय. कोणत्या कामास किती स्मृती द्यावयाची, कोणती फाईल कोठे ठेवावयाची, कळ दाबताच अक्षर कोणत्या खिडकीत उमटवावयाचे, ही सर्व मुखत्यारी ऑपरेटिंग सिस्टिमकडे असते. विंडोज व लिनक्स ही अशा दोन कारभाऱ्यांची नावे. दोघांचाही स्वभाव असा की सर्व सामग्री आपल्याच ताब्यात आहे असे धरून ते चालतात. एका गादीवर दोन कारभारी नांदावयाचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

याची उत्तरे दोन, आणि ती दोन्ही शिक्षकांच्या परिचयाची आहेत. काही गावांत एकाच इमारतीत सकाळी एक शाळा व दुपारी दुसरी शाळा भरते. पहिली सुटल्यावाचून दुसरी भरत नाही. तबकडीचे दोन भाग करून दोहोंवर दोन सिस्टिम बसविणे आणि यंत्र सुरू करताना एकीची निवड करणे, ही त्याच जातीची व्यवस्था. तिला ड्युअल बूट म्हणतात. तीत तबकडीची विभागणी करावी लागते, म्हणून धोका येतोच. दुसरा मार्ग जोडवर्गाचा. एकशिक्षकी शाळेत गुरुजी चौथीला गणिते घालून देतात आणि दुसरीचे वाचन घेतात. दोन्ही वर्ग एकाच खोलीत, एकाच वेळी चालू असतात, आणि प्रत्येकास आपले गुरुजी आपल्याच पुढे आहेत असे वाटते. आभासी यंत्राची रचना या दुसऱ्या प्रकारची होय.

येथे विंडोज जागची हलत नाही. ती यजमान. तिच्यावर व्हर्च्युअलबॉक्ससारखी एक आज्ञावली इतर कोणत्याही आज्ञावलीप्रमाणे बसवावयाची. ही आज्ञावली एक खोटा संगणक उभा करते: खोटा प्रोसेसर, खोटी स्मृती, खोटी तबकडी. त्या खोट्या संगणकावर लिनक्स बसवावयाचे. तो पाहुणा. आपण पाहुणा आहोत, हे सामान्यतः पाहुण्याला कळण्याचे कारण नसते; संपूर्ण संगणक आपल्या हाती आहे अशाच समजुतीने तो काम करतो. त्याची तबकडी म्हणजे यजमानाच्या तबकडीवरील एक मोठी फाईल. पाहुण्याने ती कितीही वेळा पुसली, मोडली वा बिघडविली, तरी त्या फाईलीपलीकडे त्याचा हात पोहोचत नाही. वेरूळचे कैलास लेणे पाहणाऱ्यास ते दगडावर दगड रचून बांधलेले स्वतंत्र मंदिर वाटते. वस्तुतः त्याचा कळस, खांब व हत्ती सारे एकाच डोंगराच्या अखंड कातळात आहेत. आभासी यंत्राचेही तसेच आहे, इतकेच की येथे कातळाऐवजी फाईल आहे.

ही कल्पना नवी नव्हे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रात एका अवाढव्य संगणकाची अनेक आभासी यंत्रे करून प्रत्येक उपयोगकर्त्यास स्वतंत्र संगणक दिल्याचा भास निर्माण करण्याचे प्रयोग झाले, आणि १९७२ साली त्या कंपनीने ही सोय व्ही.एम.-३७० या नावाने ग्राहकांपुढे ठेवली. त्या काळी संगणक इतका महाग होता की एका यंत्राची अनेक यंत्रे करणे ही गरजच होती. पुढे टेबलावरचे स्वस्त संगणक आले आणि युक्ती मागे पडली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये ती टेबलावरच्या संगणकासाठी परत आणली. २००५-०६ पासून इंटेल व एएमडी या कंपन्यांनी प्रोसेसरमध्येच तिला साहाय्य देण्यास आरंभ केला. पाहुण्याने यंत्रावर सर्वाधिकार गाजविणारी एखादी आज्ञा दिली की प्रोसेसर ती परस्पर अमलात न आणता वरच्या पर्यवेक्षकाकडे पाठवितो, आणि पर्यवेक्षक ती केवळ खोट्या यंत्रापुरती अमलात आणतो. सारी सुरक्षितता या एका व्यवस्थेवर उभी आहे. व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये लोकांपुढे आला. आज तो ओरॅकल कंपनीकडे असून त्याची मूळ आज्ञावली विनामूल्य मिळते.

खेड्यातील शाळेस याचा उपयोग काय, असे विचारले जाईल. एक उपयोग उघड आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि अनेक जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्राचे आयुष्य लिनक्समुळे वाढू शकते. परंतु कायमचा बदल करण्यापूर्वी ते शिक्षकांस जमते की नाही, मराठी टंकन ठीक होते की नाही, छपाईयंत्र चालते की नाही, हे पाहुण्याच्या रूपाने महिनाभर पारखून घेता येते. लहान मुलांसाठी असलेल्या जीकॉम्प्री व टक्स पेंट या विनामूल्य आज्ञावल्याही तेथे सहज मिळतात. केरळ राज्याने आपल्या शाळांतून लिनक्सचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केलेला आहे. आपल्याकडे सी-डॅक संस्थेने बॉस नावाचे भारतीय भाषांची सोय असलेले लिनक्स तयार केले, आणि पवईच्या आय.आय.टी.च्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठी निवेदनासह ऐकावयास मिळतात. एकट्याने शिकणाऱ्यास ते पाठ फार उपयोगी पडतात.

दुसऱ्या उपयोगाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही, आणि शाळेच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. १९९५ ते २००८ या सुमारास ज्या शाळांनी आपल्या स्मरणिका, प्रश्नपेढ्या, शैक्षणिक साहित्य वा गावाचा इतिहास संगणकावर टंकित करून घेतला, त्यांपैकी पुष्कळांच्या फाईली आज उघडत नाहीत. उघडल्या तरी मराठीऐवजी रोमी अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गोंधळ पडद्यावर दिसतो. कारण असे की त्या काळच्या बहुतेक मराठी टंकांत देवनागरी अक्षराची आकृती रोमी अक्षराच्या जागी बसविलेली असे. फाईलीत साठविलेले असे ते रोमी अक्षरच. टंकामुळे ते ‘क’ किंवा ‘ख’ असे दिसे. प्रत्येक कंपनीची मांडणीही निराळी. देवनागरीस स्वतःचे क्रमांक देणारी युनिकोड पद्धती १९९१ मध्येच प्रसिद्ध झाली होती. परंतु ती तालुक्याच्या छापखान्यापर्यंत पोहोचण्यास बरीच वर्षे लागली. त्यातून स्मरणिका पेजमेकरसारख्या आज्ञावलीत रचलेली असेल, तर नुसता टंक मिळूनही भागत नाही. ती जुनी आज्ञावलीच हवी, आणि नव्या विंडोजवर ती नीट चालेल याची शाश्वती नाही.

अशा वेळी विंडोज एक्सपीचा पाहुणा कामास येतो. जुन्या संगणकाची परवान्यासह मूळ सीडी कोणा शिक्षकाकडे वा छापखान्यात जपून ठेवलेली असेल, तर ती आभासी यंत्रात बसवावी. नवीन लॅपटॉपवर सीडीची खाच नसल्यास सीडीची आयएसओ प्रत करून घ्यावी. त्यावर जुनी आज्ञावली व टंक घालावेत, फाईल उघडावी, तिची पीडीएफ प्रत काढावी, आणि मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून मूळ पानाशी ताडून पाहावा. हे ताडणे टाळू नये. जोडाक्षरे व रफार यांत परिवर्तक हमखास चुकतात. काही मराठी आज्ञावल्या संगणकाच्या मागे खोचावयाच्या कुलूपवजा डोंगलवाचून चालत नसत; डोंगल यूएसबीचा असल्यास पाहुण्यास जोडून देता येतो. विंडोज एक्सपीची दुरुस्ती-सेवा ८ एप्रिल २०१४ रोजीच बंद झालेली असल्यामुळे या पाहुण्यास इंटरनेट मुळीच देऊ नये. त्याच्या नेटवर्कची जोडणी आभासी यंत्राच्या मांडणीतच बंद करून ठेवावी.

आता प्रत्यक्ष सिद्धतेविषयी. प्रोसेसरमधील साहाय्य चालू आहे की नाही, हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर पाहावयास मिळते. ते बंद असेल, तर लॅपटॉप सुरू होताना एफ-२, एफ-१० वा डिलीट यांपैकी त्या यंत्रास लागू असलेली कळ दाबून बायॉसमध्ये ते चालू करावे लागते; तेथे अन्य कशासही हात लावू नये. पुष्कळांचे प्रयत्न येथेच अडतात आणि दोष मात्र आज्ञावलीस दिला जातो. सर्व ठीक असूनही पाहुणा रेंगाळत असेल आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या तळपट्टीवर हिरवे कासव दिसत असेल, तर विंडोजची स्वतःची हायपर-व्ही ही व्यवस्था मध्ये आलेली आहे असे समजावे. तेव्हाही काम होते, परंतु कासवाच्याच गतीने.

स्मृतीची वाटणी विचारपूर्वक करावी. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर आणून पाणी खेळविले. नळ कितीही वाढविले तरी मूळ झऱ्याचे पाणी तेवढेच राहते. लॅपटॉपची स्मृती ८ जीबी असेल, तर पाहुण्यास ४ जीबीहून अधिक देऊ नये. एकूण ४ जीबीच असेल, तर आधुनिक लिनक्ससाठी ती अपुरी पडते. एखादे हलके लिनक्स २ जीबीवर कसेबसे चालेल. याउलट एक्सपीस ५१२ एमबी पुरते. तबकडीवर लिनक्ससाठी २५ जीबी, तर एक्सपीसाठी १० जीबी जागा धरावी. फाईल गरजेप्रमाणे वाढत जाईल अशी निवड केल्यास सर्व जागा आरंभीच खर्ची पडत नाही. बसवताना ‘तबकडी पुसून टाकावी काय?’ असा प्रश्न लिनक्स विचारते, आणि नवशिक्याच्या छातीत धस्स होते. आभासी यंत्राच्या खिडकीत हा प्रश्न आलेला असेल तर निर्धास्तपणे होय म्हणावे. पुसली जाते ती केवळ त्या फाईलीतील खोटी तबकडी. मात्र तोच प्रश्न खऱ्या लॅपटॉपवर, खिडकीबाहेर आला, तर तत्काळ थांबावे.

स्नॅपशॉट नावाची सोय शिक्षकांस विशेष आवडेल. पाहुण्याची या क्षणाची स्थिती जतन करावयाची, मग मुलांना हवी ती मोडतोड करू द्यावयाची, आणि तास संपल्यावर एका आज्ञेने पूर्वस्थिती आणावयाची. पाटी पुसून पुन्हा कोरी करण्यासारखेच हे आहे. तथापि स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. तो त्याच तबकडीवर असतो. तबकडी निकामी झाली की तोही गेला. तसेच पाहुणा चालू असताना वीज जाऊन बॅटरीही संपली, तर पाहुण्याची फाईल अर्धवट लिहिली जाऊन बिघडू शकते. भारनियमनाच्या गावात बॅटरी उतरू लागताच पाहुण्याची स्थिती जतन करून तो बंद करावा.

यजमान व पाहुणा यांच्यात फाईलींची देवाणघेवाण करण्यासाठी सामायिक फोल्डर ठेवता येतो. त्याकरिता पाहुण्यात गेस्ट ॲडिशन्स ही जोड बसवावी लागते. भिंतीत ठेवलेली ही खिडकीच असल्याने तिच्यातून विषाणूही ये-जा करू शकतात. म्हणून सामायिक फोल्डरसाठी रिकामे स्वतंत्र फोल्डर निवडावे. शाळेचे दप्तर असलेले फोल्डर कदापि देऊ नये. जुन्या फाईलींचे काम पुरे झाल्यावर एक्सपीचे संपूर्ण यंत्र एक्स्पोर्ट करून बाहेरील तबकडीवर ठेवावे, आणि तिच्यावर शाळेचे नाव, वर्ष व आतील आज्ञावलींची नावे लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. त्याच केंद्रातील दुसऱ्या शाळेची जुनी स्मरणिका निघाली, तर हेच यंत्र तेथील लॅपटॉपवर आणून, पूर्वीच्या परवान्याची अट पाहून, चालविता येईल.