बोटभर चिलापी: पिल्लू की माय?



पेटची तयारी करताना आपण गृहीतक, नमुना निवड, चल हे शब्द पाठ करतो. पण न तपासता काही गृहीत धरलं की काय होतं, ते मला एका बोटभर माशामुळे कळलं.

बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातल्या एका गावतलावावर मी जाळ्यातले मासे मोजत होते. आठ-नऊ सेंटिमीटरच्या प्रत्येक चिलापीपुढे मी वहीत 'पिल्लू' असं लिहीत गेले. शेजारी जाळं साफ करणारे भोईकाका ते पाहून हसले. त्यांनी त्यातलीच एक उचलून पाण्याच्या बादलीत धरली आणि तिचं तोंड अलगद उघडलं. आतून पिवळसर अंडी बाहेर पडली. "पिल्लू नाही पोरी, माय होय हे!" त्या दिवसाचा सगळा तक्ता मला बाद करावा लागला.

चिलापी म्हणजे मोझांबिक तिलापिया, शास्त्रीय नाव ओरिओक्रोमिस मोसांबिकस. हा सिक्लिड कुळातला मासा. कोकण-गोव्यातलं कालुंदर याच कुळातलं, पण ते मूळ इथलं आणि चिलापी पाहुणी. ती मूळची आफ्रिकेच्या आग्नेय भागातल्या झांबेझी, लिंपोपो या नद्यांची. भारतात ती १९५२ मध्ये आणली गेली. सिक्लिड ओळखायची सोपी खूण म्हणजे नाकपुडी. बहुतेक माशांना डोक्याच्या प्रत्येक बाजूला दोन छिद्रं असतात, सिक्लिडला एकच.

विणीच्या काळात नर काळा पडतो, त्याचा गळा पांढरट दिसतो. तो तळाच्या गाळात खळगा करतो. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. अंडी तोंडातच फुटतात. पिल्लं पोहायला लागल्यावरही धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. या काळात मादी जवळजवळ काही खात नाही. रोहू-कटला लाखोंनी अंडी देतात आणि सोडून जातात. चिलापी काही शेच देते, पण राखते. म्हणून तिची बरीच पिल्लं जगतात.

इथेच खरी गंमत आहे. पिल्लं जगली की तलावात गर्दी होते, खाणं कमी पडतं. अशा वेळी चिलापी वाढ थांबवून लवकर वयात येते. मोकळ्या पाण्यात तीसेक सेंटिमीटरपर्यंत वाढणारा मासा गर्दीत आठ-दहा सेंटिमीटरलाच विणीला लागतो. त्यातून आणखी पिल्लं, आणखी गर्दी. याला आपण खुजेपणा म्हणू.

आता माझी चूक किती महागात पडली असती ते बघा. 'जाळ्यात सगळी पिल्लंच येतात' असा निष्कर्ष निघाला असता, तर पुढची शिफारस ठरलेलीच: जाळ्याचं आसं मोठं करा, लहान मासे सोडा. पण खुज्या चिलापीच्या तलावात लहान मासे सोडले तर गर्दी वाढते, मासा आणखी लहान राहतो. बाजारात त्याला भाव मिळत नाही आणि नुकसान तलाव घेणाऱ्या भोई कुटुंबांचं होतं.

म्हणून लांबी मोजलीत तर तिला वय म्हणू नका. वयासाठी ओटोलिथ, म्हणजे माशाच्या कानातला खडा, काढून त्यावरची वलयं बघावी लागतात. प्रौढत्वासाठी पोट उघडून अंडाशय किंवा वृषण तपासावं लागतं. मादीचं तोंड तर जागेवरच बघता येतं. आणि ओळखही पक्की करा. शेपटीच्या पंखावर उभे पट्टे दिसले तर तो नाईल तिलापिया असू शकतो. दोघांचा संकरही होतो. या संकरामुळेच मोझांबिक तिलापिया तिच्या मूळ नद्यांत धोक्यात आली आहे, आणि इथे आपण तिला उपद्रवी म्हणतो!

तुमच्या आराखड्यात 'लहान', 'पिल्लू', 'प्रौढ' असे शब्द असतील, तर प्रत्येकापुढे 'हे मी कशावरून ठरवणार?' ते लिहा. आणि तलावावर गेलात तर वही उघडायच्या आधी जाळं टाकणाऱ्यांशी बोला. माझ्या वहीत आता 'पिल्लू' हा रकानाच नाही. तिथे 'तोंडात अंडी: आहेत/नाहीत' असा रकाना आहे.