इंडक्शन घेताय? आधी पाणी तापवून बघा

वॅटचा आकडा मोठा म्हणजे शेगडी चांगली, असं नसतं. खरी परीक्षा मंद आचेवर होते. बऱ्याच स्वस्त शेगड्या कमी आचेवर सलग तापतच नाहीत. काही सेकंद जोरात चालतात, मग थांबतात. दूध आटवताना ते लगेच कळतं: मधोमध भसकन उकळी येते, पुन्हा सगळं शांत, आणि तळाला दूध लागतं. ज्या घरात बासुंदी होते, तिथे हा दोष फार छळतो.

दुसरी गोष्ट आतल्या कॉइलची. काचेवरचं वर्तुळ मोठं असलं तरी कॉइल लहान असू शकते. रुंद, सपाट बुडाच्या पातेल्यात बोटभर पाणी तापवा. बुडबुडे जेवढ्या भागातून उठतात, तेवढीच तुमची खरी शेगडी. पोळ्या मध्ये करपून कडेला कच्च्या राहतात त्या बहुतेकदा यामुळेच. दुकानात ही चाचणी करून दाखवायला सांगायला मी तरी लाजत नाही.

२००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढते. ६ अँपिअरच्या सॉकेटला ती लावू नका. आणि भांडंही तपासून घ्या: त्याच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटायला हवा.