टोपरं, रुमाल आणि झालर

परभणी जिल्ह्यात कापूस कुणाला नवा नाही. दिवाळीच्या आसपास वेचणीला जोर येतो, मानवत-सेलूच्या बाजारात गाड्यांच्या रांगा लागतात. एवढ्या ढिगातला एकच तंतू ओढून बोटांत धरा. तो एक पेशी आहे. अख्खा तंतू मिळून एकच! कपाशीचं फूल उमलतं त्या दिवशी कोवळ्या सरकीच्या सालीवरच्या काही पेशी वाढू लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत अडीच-तीन सेंटीमीटर लांब होतात. जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीच. परभणीच्या महबूब बागेतल्या कापूस संशोधन केंद्राने देशी कपाशीचे लांब धाग्याचे वाण तयार केले. म्हणजे या एकेका पेशीचीच लांबी वाढवली. बोंड फुटल्यावर पेशी मरते, सुकून चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. त्या पिळामुळे शेजारशेजारचे तंतू एकमेकांना धरून राहतात, म्हणून तर सूत निघतं.

क्रोशाच्या सुती दोऱ्याचा गुंडा म्हणजे अशा असंख्य पेशींची एक लांबच लांब रेघ. या रेघेतून रुखवतात मांडायचा रुमाल होतो, दाराचं तोरण होतं, बाळंतविड्यातलं टोपरं होतं. रेघेचा पृष्ठभाग कसा होतो आणि तो कुठे वळायचं हे कसं ठरवतो, याचं मला फार नवल वाटतं. कारण ते ठरतं दर फेरीत किती टाके वाढवले यावर, बस्स.

गोल रुमाल विणणाऱ्या बाईला विचारा. साखळीचं कडं करून ती त्यात सहा मुके खांब घालते. दुसऱ्या फेरीत बारा, तिसरीत अठरा, चौथीत चोवीस. दर फेरीत सहाच वाढवले की रुमाल सपाट बसतो. पाचच का नाहीत, सातच का नाहीत? मुका खांब साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. एक फेरी पुरी झाली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढते, आणि त्रिज्या एकने वाढली की परीघ ६.२८ ने वाढायला हवा. शाळेतलं ते ३.१४, त्याची दुप्पट! वरचा पाव टाका दोऱ्याच्या सैलपणात सामावून जातो. मोठा खांब मुक्या खांबाच्या जवळपास दुप्पट उंच, म्हणून त्याच्या रुमालात दर फेरीला बारा वाढवतात. आज्यांनी आणि मावश्यांनी हे आकडे हातांनी शोधले आणि पुढच्या हातांना दिले. त्यांनी वर्तुळाचं गणितच केलं, हे मी अगदी शब्दशः म्हणतो. (सहाही वाढी दर फेरीत एकावर एक आल्या तर वर्तुळाचा षटकोन होतो, म्हणून जाणती बाई त्यांची जागा सरकवत राहते.)

आता वाढ कमी करत न्या. परिघाला हवे तेवढे टाके मिळत नाहीत, कड आत ओढली जाते आणि रुमालाचं टोपरं होतं. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांखाली उतरल्याची वर्षं आहेत, तेव्हा इथे लोकरीचं टोपरं नुसत्या हौसेसाठी नसतं. त्याच्या कडेपासून एकमेकींना समांतर निघालेल्या दोन उभ्या रेघा शेंड्याला भेटतात. पृथ्वीवरची रेखावृत्तं ध्रुवावर भेटतात, त्याच नियमाने.

उलट, वाढ गरजेपेक्षा जास्त केली की परीघ मावेनासा होतो. कड वरखाली वळते, कोंबड्याच्या फुलाच्या तुऱ्यासारखी चुण्याचुण्यांची होते. फ्रॉकला लावतो ती झालर हीच. दर टाक्यात दोन-दोन घालत गेलात तर सहाचे बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस असे होत दहाव्या फेरीत ३०७२ टाके भरतात. सपाट रुमालाच्या दहाव्या फेरीत असतात फक्त ६०.

या झालरीनेच गणितज्ञांना फार छळलं होतं. रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा जाते, हे युक्लिडचं गृहीतक दोन हजार वर्षं लोक सिद्ध करायला धडपडले. १८२०-३०च्या सुमारास लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांनी दाखवलं की अशा कितीही रेषा असतील अशी भूमितीही चालते. पण तसा पृष्ठभाग हातात धरायचा कसा? कागदाच्या पट्ट्या चिकटवून केलेले नमुने हाताळताना फाटत. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या, मूळच्या लाटव्हियाच्या दाइना ताइमिन्या यांनी क्रोशाची सुई उचलली आणि ठरलेल्या प्रमाणात टाके वाढवत तो पृष्ठभाग विणून काढला. विणणं त्या लहानपणीच शिकल्या होत्या.

घरी करून पाहायला एक गुंडा आणि एक सुई पुरे. वीसेक साखळ्या घाला, मुक्या खांबांच्या ओळी विणा आणि प्रत्येक ओळीत दर तीन टाक्यांमागे एक टाका वाढवा. हात जरा घट्ट ठेवा, म्हणजे चुण्या उभ्या राहतील. तळहाताएवढी झालर झाली की तिला दुमडा. ती घडी म्हणजे त्या पृष्ठभागावरची सरळ रेषा. तिच्यावरून रंगीत दोऱ्याने टाके घाला. मग घडी उलगडून रेषेबाहेर एक बिंदू धरा, आणि पहिल्या रेषेला न छेदणाऱ्या घड्या त्यातून पाडत जा. दुसरी पडेल, तिसरी पडेल, चौथीही पडेल.